सून बाहेरची, सासू मालकीण: ४०१(के) टेस्टिंगमध्ये कुटुंबाची मालकी कशी मोजायची

४०१(के), म्हणजे अमेरिकी कंपन्यांच्या रिटायरमेंट प्लॅनच्या, टेस्टिंगच्या कामात नवा होतो तेव्हा एका कौटुंबिक कंपनीचा सेन्सस (कर्मचाऱ्यांची यादी) माझ्याकडे आला. मालकाच्या आडनावाची जेवढी माणसं दिसली तेवढी सगळी मी ‘एचसीई’ (हायली कॉम्पेन्सेटेड एम्प्लॉयी, म्हणजे मालकी किंवा मोठा पगार असलेला माणूस) म्हणून टिकमार्क केली आणि मोकळा झालो. एका झटक्यात दोन चुका झाल्या. मालकाची सून एचसीई नव्हती, तिला मी केलं. मालकाची लग्न झालेली मुलगी एचसीई होती, पण तिचं आडनाव बदललेलं, म्हणून ती सुटली. माझ्या वरिष्ठ बाईंनी फाइल परत पाठवताना एकच ओळ लिहिली होती: ‘आडनाव नको, नातं विचार.’

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, अमेरिकेत स्वतःची कंपनी, क्लिनिक किंवा दुकान असलेली आणि त्यात घरच्यांना पगारावर घेतलेली मराठी मंडळी. दुसरे, पुण्या-मुंबईत बसून अमेरिकी रिटायरमेंट प्लॅनचं टेस्टिंग करणारे. पहिल्यांना कायदा माहीत नसतो आणि दुसऱ्यांना त्या घरातली नाती. दोन्ही एकत्र आल्याशिवाय टेस्ट बरोबर येत नाही.

आधी आपल्या डोक्यातलं कुटुंब बाजूला ठेवा

हिंदू अविभक्त कुटुंबात भाऊ-भाऊ सहदायाद असतात. आपल्याकडच्या कंपनी कायद्यात, म्हणजे २०१३ च्या, ‘रिलेटिव्ह’ म्हणजे कोण याची यादी बघा: त्यात भाऊ, बहीण, सून, जावई सगळे आहेत. सीएची परीक्षा दिलेल्या माणसाच्या डोक्यात हीच यादी घट्ट बसलेली असते. अमेरिकेच्या इंटर्नल रेव्हेन्यू कोडला ही यादी ठाऊक नाही. तिथं प्रत्येक टेस्टसाठी कुटुंबाची व्याख्या वेगळी आहे. एचसीई आणि की एम्प्लॉयी (टॉप-हेवी टेस्टमधले मालक-अधिकारी) ठरवायला कलम ३१८ लागतं, कंट्रोल्ड ग्रुप (मालकीमुळे एकच एम्प्लॉयर धरल्या जाणाऱ्या कंपन्या) ठरवायला कलम १५६३, आणि प्लॅनच्या पैशाचे निषिद्ध व्यवहार बघायला कलम ४९७५. सून पहिल्या दोघांत बाहेरची आहे, तिसऱ्यात मात्र घरची. भाऊ तिन्हींत परका.

म्हणून ‘हा फॅमिली मेंबर धरायचा का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या टेस्टसाठी, ते आधी ठरवा.

पहिलं काम: वंशावळ काढा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि मालकांची वंशावळ काढा, आपण लग्नात पत्रिका छापताना काढतो तशी. आजी-आजोबा वर, मुलं-नातवंडं खाली, नवरा-बायको बाजूबाजूला. प्रत्येक नावाखाली तीन गोष्टी लिहा: स्वतःच्या नावावर किती टक्के, जन्मतारीख, आणि कंपनीतून पगार घेतो का.

टक्के लिहिताना कंपनी कुठल्या स्वरूपाची आहे ते बघा. कॉर्पोरेशन असेल तर मतांचा हक्क आणि शेअरचं मूल्य दोन्ही तपासायचे. एलएलसी किंवा भागीदारी असेल तर भांडवलातला वाटा आणि नफ्यातला वाटा. दोन्हींपैकी एकानं जरी ५ टक्क्यांची रेघ ओलांडली तरी माणूस मालक. शेअर घ्यायचा ऑप्शन हातात असेल तर कलम ३१८ ते शेअर त्याचेच धरतं. हे फार वेळा राहून जातं, कारण ऑप्शन कॅप टेबलच्या (कुणाचे किती शेअर याच्या तक्त्याच्या) वेगळ्या पानावर असतात.

पगार न घेणाऱ्यांनाही वंशावळीत ठेवा. वडील पुण्यात राहतात, अमेरिकेत पाऊल टाकलेलं नाही, पण कंपनीत त्यांचे ४० टक्के आहेत, तर ते ४० टक्के अमेरिकेत पगार घेणाऱ्या मुलाच्या खात्यात येऊन बसतात. वडील कुठल्या देशात राहतात याची कलम ३१८ ला फिकीर नाही.

दुसरं काम: कलम ३१८ चे बाण

आता वंशावळीवर बाण काढायचे. नवऱ्याची मालकी बायकोला, बायकोची नवऱ्याला. आई-वडिलांची मुलांना, मुलांची आई-वडिलांना. वयाची अट नाही. मूल दोन वर्षांचं असो की पन्नास, बाण तसाच. दत्तक मूलही आलं. नातवाची मालकी आजी-आजोबांना जाते, पण आजी-आजोबांची नातवाला येत नाही. हा एकतर्फी बाण लक्षात ठेवायला सोपा आहे: नातवंडाचं सगळं आजीचं, आजीचं मात्र नातवंडाचं नाही. भाऊ-बहीण, काका, मामा, पुतणे, भाचे, सासू-सासरे यांच्यात बाणच नाहीत.

त्यानंतरचा नियम सगळ्यांत मोलाचा: नात्याची उडी एकदाच. नात्यामुळे जी मालकी तुमच्याकडे आली ती तुमच्याकडून पुढे दुसऱ्या नात्याला जात नाही. सून याच नियमामुळे वाचते. सासऱ्याची मालकी मुलाकडे आली, पहिली उडी झाली. मुलाकडून त्याच्या बायकोकडे जायला दुसरी उडी लागेल, ती नाही. भावाचंही तसंच: एका भावाचे शेअर आईकडे गेले, पण आईकडून दुसऱ्या भावाकडे उतरत नाहीत.

ही बंदी फक्त नात्यावरून नात्याकडे जायला आहे. कंपनीमार्फत आलेली मालकी नात्यानं पुढे जाते. एचसीई ठरवताना कॉर्पोरेशनमध्ये ५ टक्के किंवा जास्त असलेल्या माणसाला त्या कॉर्पोरेशनच्या मालकीचा प्रमाणशीर वाटा मिळतो. होल्डिंग कंपनीत नवऱ्याचे ५० टक्के आणि होल्डिंग कंपनीकडे प्लॅनवाल्या कंपनीचे १२ टक्के, म्हणजे नवरा ६ टक्क्यांचा मालक, आणि त्याची बायकोही.

आता एक काल्पनिक घर घेऊ. न्यू जर्सीतली आयटी स्टाफिंग कंपनी. दादाचे ६० टक्के, धाकट्या भावाचे ३६, एका मित्राचे ४. पगारावर आहेत: दादा, वहिनी, त्यांचा २४ वर्षांचा मुलगा, सून, दादाची आई (आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात येतात), धाकटा, धाकट्याची बायको, धाकट्याचा मुलगा, वहिनीचा भाऊ, मित्र आणि बाहेरचे दोन कर्मचारी.

दादा ६०, वहिनी ६०, मुलगा ६०. सून शून्य. धाकटा ३६, त्याची बायको ३६, त्याचा मुलगा ३६. वहिनीचा भाऊ, म्हणजे दादाचा मेहुणा, शून्य. आणि आई? दोन्ही मुलांचे शेअर तिच्याकडे चढतात: ६० अधिक ३६, म्हणजे ९६ टक्के. स्वतःच्या नावावर एकही शेअर नसलेली बाई कायद्याच्या डोळ्यात या कंपनीची सगळ्यांत मोठी मालकीण आहे. बाणांची बेरीज करायची असते हे नव्या मुलांना याच उदाहरणावरून पटकन कळतं.

तिसरं काम: एचसीई कोण

५ टक्क्यांहून जास्त मालकी, चालू वर्षात किंवा आधीच्या वर्षात, एक दिवस जरी असली तरी एचसीई. बरोबर ५ असेल तर नाही. नवऱ्याचे ३ आणि बायकोचे ३ असतील तर दोघंही ६ चे मालक, दोघंही एचसीई. ‘आमचे तर पाचाच्या आत आहेत’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय!

मालकी नसेल तर पगार बघायचा, तोही आधीच्या वर्षाचा. २०२६ च्या टेस्टसाठी २०२५ मध्ये १ लाख ६० हजार डॉलरच्या वर पगार असेल तर एचसीई. प्लॅननं टॉप-पेड ग्रुपची निवड केली असेल तर पगाराच्या निकषावर फक्त वरचे २० टक्के येतात. मालकीच्या निकषाला ती सवलत लागू नाही. यातून एक गंमत होते. यंदा जानेवारीत ३ लाख डॉलरवर रुजू झालेला बाहेरचा मॅनेजर पहिल्या वर्षी एचसीई नाही, कारण मागच्या वर्षी त्याला इथं पगारच नव्हता. आणि मालकाचा कॉलेजातला मुलगा, उन्हाळ्यात तासावारी फायली लावायला आलेला, पहिल्या दिवसापासून एचसीई.

मागच्या वर्षाची शेपूट घटस्फोटालाही असते. कोर्टाच्या हुकमानं विभक्त झाल्यावर नवरा-बायकोमधला बाण तुटतो. पण हुकूम मार्च २०२५ मध्ये झाला असेल तर त्या वर्षात काही दिवस बाण होता, म्हणून २०२५ ला एचसीई आणि २०२६ लाही. २०२७ ला सुटका. नुसतं वेगळं राहणं पुरत नाही, हुकूम लागतो.

जुने लोक अजूनही विचारतात, की मालकाच्या घरच्यांचे पगार एकत्र करून एकच माणूस धरायचा ना? तो नियम १९९६ च्या कायद्यानं गेला, १९९७ पासून लागू नाही. आता प्रत्येकाचा टक्का वेगळा मोजायचा.

चौथं काम: एडीपी टेस्टमध्ये हे कुठं बोचतं

एडीपी टेस्ट म्हणजे एचसीईंनी पगाराच्या सरासरी किती टक्के प्लॅनमध्ये टाकले ते बाकीच्यांच्या सरासरीशी ताडून बघणं. आपल्या घरात एचसीई सात: दादा, वहिनी, मुलगा, आई, धाकटा, त्याची बायको, त्याचा मुलगा. बाकीचे पाच: सून, मेहुणा, मित्र, दोन कर्मचारी. या पाच जणांनी अनुक्रमे पगाराच्या ६, ४, ३, २ आणि ० टक्के टाकले. सरासरी ३. एचसीईंची सरासरी किती चालेल? ३ ची सव्वापट म्हणजे ३.७५; किंवा ३ अधिक २ म्हणजे ५ आणि ३ ची दुप्पट म्हणजे ६, या दोघांतली लहान, म्हणजे ५. दोन्ही वाटांतली मोठी घ्यायची, मर्यादा ५ टक्के.

सुनेला चुकून पलीकडे टाकलं असतं तर इकडची सरासरी २.२५ झाली असती आणि मर्यादा ४.२५.

आता एचसीई. दादाचा पगार २ लाख ४५ हजार, त्यानं २४,५०० टाकले, म्हणजे १० टक्के आणि २०२६ ची कमाल रक्कमही. धाकट्याचा पगार २ लाख, टाकले २०,०००, तेही १० टक्के. पुतण्याचा पगार ५० हजार, टाकले ४,०००, म्हणजे ८ टक्के. आई, मुलगा आणि धाकट्याची बायको यांनी काहीच टाकलं नाही, त्यांचे शून्यही सरासरीत धरायचे. घरच्यांचे असे शून्य उपयोगी पडतात. वहिनींचा पगार ३० हजार. घर दादाच्या पगारावर चालतं, म्हणून त्यांनी आपल्या पगारातले २१,००० टाकले: ७० टक्के.

सातांची सरासरी १४. मर्यादा ५. नापास.

परतावा काढायच्या दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगवेगळ्या दिशेला जातात. पहिल्या पायरीत टक्के वरून कापायचे: वहिनींचे ७० वरून खाली, मग तिघांचे १० वरून ९ वर, तेव्हा सरासरी ५ होते. कापलेली रक्कम वहिनींची १८,३००, दादाची २,४५०, धाकट्याची २,०००, एकूण २२,७५०. पण ही रक्कम परत कुणाला द्यायची ते टक्क्यांवर ठरत नाही, डॉलरवर ठरतं. ज्यानं सर्वांत जास्त डॉलर टाकले तिथून सुरुवात. दादाचे २४,५०० वरून २१,००० वर आणायचे, मग दादा-वहिनी दोघांचे २०,००० वर, आणि उरलेले १७,२५० तिघांत सारखे. शेवटी दादाला १०,२५० परत, वहिनींना ६,७५०, धाकट्याला ५,७५०. (हे सगळे पन्नाशीच्या आतले धरलेत, नाहीतर कॅच-अप, म्हणजे पन्नाशीनंतर टाकता येणारी जादा रक्कम, आड येते.)

वहिनींच्या ७० टक्क्यांचा भुर्दंड दिराला बसला. वहिनींची काही चूक नाही. त्या ६० टक्क्यांच्या मालकीण आहेत हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लहान पगार आणि मोठी कपात असलेला घरचा माणूस दिसला की डिसेंबरची वाट बघू नका, जूनमध्ये अंदाजी टेस्ट चालवा. वर्ष संपल्यावर अडीच महिन्यांत, म्हणजे कॅलेंडर वर्षाच्या प्लॅनला १५ मार्चपर्यंत परतावा गेला नाही तर कंपनीवर १० टक्के एक्साइज टॅक्स.

दरवर्षी हेच होत असेल तर सेफ हार्बर घ्या. सरसकट ३ टक्के द्या, किंवा कर्मचारी टाकेल त्यातल्या पहिल्या ३ टक्क्यांवर पूर्ण आणि पुढच्या २ वर निम्मं मॅच, म्हणजे कंपनीची भर. एडीपी टेस्टच लागत नाही. हे अंशदान एचसीईंना न देण्याची मुभा आहे, पण प्लॅनच्या दस्तऐवजात तसं लिहिलेलं हवं. सून आणि मेहुण्याला द्यावंच लागतं.

पाचवं काम: टॉप-हेवी

बाण तेच, कलम ३१८ चे. ५ टक्क्यांवरचा प्रत्येक मालक की एम्प्लॉयी, म्हणून वरचे सातही आले. शिवाय १ टक्क्यावर मालकी आणि दीड लाखावर पगार असलेला माणूस, आणि ठरावीक पगाराच्या वरचे अधिकारी (२०२५ साठी २ लाख ३० हजार).

दीड लाखाचा आकडा महागाईनं वाढत नाही. आपल्या मित्राकडे बघा: ४ टक्के, २०२५ चा पगार १ लाख ५५ हजार. तो २०२६ साठी एचसीई नाही, पण की एम्प्लॉयी आहे. दोन याद्या एकच समजून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची इथं फजिती होते.

आधीच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी की एम्प्लॉयींची शिल्लक एकूण शिलकीच्या ६० टक्क्यांवर गेली की प्लॅन टॉप-हेवी. घरच्यांचीच खाती असली की हे जवळजवळ अटळ. मग बाकीच्यांना साधारण ३ टक्के द्यायचे, आणि त्यांनी स्वतःच्या पगारातून टाकलेले पैसे त्यात धरता येत नाहीत. दादानं मात्र स्वतः टाकलेले पैसे त्याचा टक्का मोजताना धरले जातात. म्हणजे कंपनीनं कुणालाच दमडी दिली नाही तरी देणं निघतं.

सहावं काम: दुसरी कंपनी आहे का?

इथं कलम ३१८ चा कागद बाजूला ठेवा आणि कलम १५६३ चा नवा काढा. बाण बदलतात.

नवऱ्याची आयटी कंपनी, १०० टक्के त्याची. बायकोचं डेंटल क्लिनिक, १०० टक्के तिचं. बाण आहे, पण तोडता येतो. एकाची दुसऱ्याच्या धंद्यात थेट मालकी नाही. तो तिथं संचालक नाही, नोकर नाही, कारभारात हात नाही. धंद्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न भाडं-व्याजासारखं नाही. आणि शेअर विकण्यावर जोडीदार किंवा २१ च्या आतल्या मुलांच्या बाजूनं काही बंधन नाही. चारही खरं असेल तर दोन धंदे वेगळे. पण बायको संध्याकाळी बसून नवऱ्याच्या कंपनीचं पेरोल करते, तिथं पगारही घेते? संपलं. दोन्ही मिळून एकच एम्प्लॉयर. आयटी कंपनीत प्लॅन आहे आणि एचसीई नसलेले ६ जण त्यात आहेत, क्लिनिकमध्ये तसे ९ जण आहेत आणि प्लॅन नाही. १५ पैकी ६, म्हणजे ४० टक्के. एचसीई सगळे प्लॅनमध्ये असतील तर बाकीच्यांपैकी निदान ७० टक्के प्लॅनमध्ये असावे लागतात. दुरुस्तीची दारं आहेत, वर्ष संपल्यावर साडेनऊ महिन्यांपर्यंत. पण त्याचा अर्थ क्लिनिकमधल्या लोकांना पैसे देणं.

आधी यात एक विचित्र सापळा होता. नवरा-बायकोनं चारही अटी पाळल्या, पण घरात आठ वर्षांची मुलगी. २१ च्या आतल्या मुलाला आई-बाप दोघांची मालकी मिळते, म्हणून ती पोरगी दोन्ही धंद्यांची १०० टक्के मालकीण व्हायची आणि तिच्यामुळे दोन धंदे एक व्हायचे. कॅलिफोर्निया, टेक्सस, वॉशिंग्टनसारख्या कम्युनिटी प्रॉपर्टीच्या नऊ राज्यांत तर लग्नामुळेच एकमेकांच्या धंद्यात मालकी धरली जायची आणि पहिली अट तिथंच मोडायची. सिक्युअर २.० कायद्याच्या कलम ३१५ नं हे दोन्ही सापळे २०२४ पासूनच्या प्लॅन वर्षांसाठी काढले. जुन्या सल्ल्यावर कुणी दोन धंदे एकत्र टेस्ट करत असेल तर पुन्हा विचारून घ्या.

मोठ्या मुलांचं वेगळं. २१ पूर्ण झालेलं मूल, आई-वडील, आजी-आजोबा, नातवंडं यांची मालकी तुमच्याकडे येते ती त्या विशिष्ट कंपनीत तुमचे स्वतःचे ५० टक्क्यांहून जास्त असतील तरच. या ५० मध्ये जोडीदाराचे आणि २१ च्या आतल्या मुलांचे आलेले शेअर धरायचे. वडिलांची पहिली कंपनी १०० टक्के, २६ वर्षांच्या मुलाची दुसरी १०० टक्के: काही संबंध नाही. पण दुसऱ्या कंपनीत वडिलांचे ६० आणि मुलाचे ४० असतील, तर वडील ५० च्या वर म्हणून मुलाचे ४० त्यांच्याकडे येतात, दोन्हीकडे १०० टक्के, कंट्रोल्ड ग्रुप. ५०-५० वाटणी असती तर नाही.

ज्यांनी पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड काढून काम तिकडे पाठवलंय त्यांच्यासाठी: ती कंपनी परदेशी आहे म्हणून ग्रुपमधून सुटत नाही. पण अमेरिकेत ज्यांची कमाई नाही अशा अनिवासी परदेशी कर्मचाऱ्यांना टेस्टमधून वगळता येतं, त्यामुळे पुण्यातल्या चाळीस जणांमुळे न्यू जर्सीचा प्लॅन नापास होत नाही. दोघं-तिघं एच-वन व्हिसावर इकडे येऊन पगार घेत असतील तर ते मात्र मोजले जातात.

कंट्रोल्ड ग्रुप निघाला तरी ५ टक्क्यांची मालकी प्रत्येक कंपनीत स्वतंत्र बघायची. पगार एकत्र, मालकी वेगळी.

सोलो ४०१(के) वाल्यांना

फक्त नवरा-बायको असेपर्यंत तुम्ही फॉर्म ५५००-ईझेड (प्लॅनचं वार्षिक विवरण) भरता, तोही शिल्लक अडीच लाख डॉलरवर गेली की. मुलगा पगारावर येऊन प्लॅनसाठी पात्र झाला की एडीपी टेस्ट आपोआप पास होते, कारण तोही एचसीई आणि घरात दुसरं कुणी नाही. पण ‘फक्त मालक आणि जोडीदार’ ही ओळख गेली. आता एरिसा (कर्मचाऱ्यांच्या प्लॅनचं रक्षण करणारा अमेरिकी कायदा) लागू, फॉर्म वेगळा. सून रुजू झाली तर टेस्टही सुरू, कारण ती एचसीई नाही.

आणि तिच्या घराच्या डाउन पेमेंटसाठी सासऱ्यानं स्वतःच्या प्लॅनमधून तिला पैसे उसने द्यायचं मनात आणू नये. कलम ४९७५ मध्ये वंशजांचे जोडीदारही कुटुंबात धरलेत. तिथं ती घरचीच आहे.

जानेवारीत क्लायंटला काय विचारायचं

सेन्ससच्या कोऱ्या फॉर्मसोबत वंशावळ पाठवा, मागच्या वर्षीची, आणि तिच्यावर बदल लिहून मागा. कुणाचं लग्न झालं, कुणाचा घटस्फोट, हुकमाची तारीख काय. कोण वारलं आणि शेअर कुणाकडे गेले. कोण २१ चं झालं. मालकांपैकी कुणाची किंवा त्यांच्या जोडीदाराची दुसरी कंपनी आहे का, भारतात का असेना. ‘कुटुंबातले कोणी कंपनीत आहेत का?’ असं विचारू नका, उत्तरात साडू आणि आतेभाऊ येतील आणि लग्न झालेली मुलगी राहील. नाती नावानं विचारा: नवरा, बायको, आई, वडील, मुलगा, मुलगी, नातवंडं. मुलीच्या रकान्यापुढे ‘आताचं आडनाव’ असा एक रकाना ठेवा.